रोज व्यायाम, तरी व्हिटॅमिन डी कमी: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांडवलेणी चढणारे, कृषीनगरच्या ट्रॅकवर फेऱ्या मारणारे, रविवारी सायकल घेऊन गंगापूर धरणापर्यंत जाऊन येणारे. अशा धडधाकट माणसांच्या रिपोर्टवर व्हिटॅमिन डी १२ किंवा १४ (२० च्या खाली म्हणजे कमी) आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मी तर एवढा बाहेर असतो, मग हे कसं? बहुतेकांचं उत्तर घड्याळात, कपड्यांत आणि ताटात सापडतं. थोड्यांचं पोटात किंवा औषधांच्या डब्यात. कारण न शोधता नुसत्या डीच्या पुड्या घेतल्या तर दोन महिन्यांत चढलेला आकडा पुढच्या वर्षी पुन्हा खाली आलेला दिसतो, म्हणून इथे भर कारणांवर आहे.

मी रोज पहाटे साडेपाचला पळायला जातो. तासभर बाहेर असतो, तरी डी कमी का?

कारण त्या तासात डी तयार करणारे किरण नाशिकमध्ये पोहोचलेलेच नसतात. त्वचेतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाच्या पदार्थावर २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-बी किरण पडले तरच डी बनतं. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरके येतात आणि ओझोन हे नेमके किरण वाटेतच शोषून घेतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदयच सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होतो. म्हणजे साडेपाच ते पावणेसातचा पळणारा माणूस अंधारात निघून उजाडायच्या आत घरी परततो, तोही जॅकेट घालून. मे महिन्यात सकाळी सातला ऊन अंगावर येतं खरं, पण तेव्हाही तुमची सावली तुमच्या उंचीच्या चौपट लांब असते. त्या उन्हात घाम येतो, डी जवळजवळ बनत नाही. संध्याकाळी साडेपाचनंतरच्या बॅडमिंटनचं आणि फुटबॉलचंही हेच.

पण सकाळचं कोवळं ऊन चांगलं असं घरोघरी सांगतात. ते चूक आहे का?

कोवळं ऊन चांगलंच आहे. झोपेचं चक्र नीट राहतं, मन प्रसन्न होतं, थंडीत अंग मोकळं होतं. फक्त डी त्यातून मिळत नाही. सूर्योदयाला घातलेल्या सूर्यनमस्कारांचे फायदे भरपूर आहेत, त्यात हा एक नाही. बाळाला सकाळी सातच्या उन्हात धरलं म्हणून डीचे थेंब बंद करणारी घरं आहेत. कृपया तसं करू नका, थेंब बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेत तोवर चालू ठेवा.

मग ऊन नक्की कधी घ्यायचं?

सावली बघा. सपाट जमिनीवर तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि डी बनण्याजोगे किरण मिळताहेत. सावली उंचीपेक्षा लांब असेल तर ते फार थोडे. कोणत्याही ॲपपेक्षा ही खूण भरवशाची.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि आपलं घड्याळ प्रयागराजजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं असल्यामुळे इथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. त्यावरून हिशोब असा बसतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य जेमतेम ४६-४७ अंशांवर जातो, त्यामुळे कामाची वेळ पावणेबारा ते सव्वा, एवढीच. फेब्रुवारीअखेर ती साडेदहा ते तीन होते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दहा ते साडेतीन. मे महिन्यात सव्वानऊपासून पावणेचारपर्यंत, आणि २० मेच्या सुमारास शून्य सावली दिवस येतो तेव्हा सूर्य थेट डोक्यावर असतो. ऑक्टोबरच्या मध्यात दहा ते अडीच.

यातून व्यवहारातली एक गोष्ट निघते. एप्रिल-मे या काळात सकाळी साडेनऊ-पावणेदहा ते साडेदहा ही वेळ नाशिकमध्ये सोयीची आहे: किरण पुरेसे, उष्णता अजून सोसवण्याजोगी. थंडीत मात्र दुपारच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय पर्याय नाही. तेव्हाचं ऊन सुखाचंही असतं. डबा गच्चीवर खा, स्वेटर काढून, बाह्या वर करून.

किती वेळ आणि किती अंग उघडं?

वेळेपेक्षा उघड्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त महत्त्वाचं आहे आणि हेच लोक विसरतात. चेहरा आणि दोन्ही हातांचे पंजे मिळून शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग. खांद्यापासून दोन्ही हात धरले तर सुमारे १८ टक्के. गुडघ्याखालचे पाय धरले तर आणखी तेवढ्याच्या जवळ. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तासभर चालण्यापेक्षा बनियन आणि हाफ पँटवर अर्धा तास बसणं कितीतरी फायद्याचं.

त्वचेतलं मेलॅनिन हेच किरण शोषून घेतं, त्यामुळे गव्हाळ ते सावळ्या कांतीला गोऱ्या माणसापेक्षा कित्येक पट जास्त वेळ लागतो. परदेशी लेखांतली ‘दहा मिनिटं पुरे’ ही शिफारस आपल्यासाठी नाही. वर सांगितलेल्या वेळेत, हात-पाय उघडे ठेवून, साधारण ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस असं धरा. सवय नसेल तर १०-१५ मिनिटांनी सुरुवात करा. त्वचा लाल होईपर्यंत, झोंबेपर्यंत बसायचं नाही. ठरावीक मर्यादेनंतर तेच ऊन तयार झालेला कच्चा माल निरुपयोगी पदार्थांत मोडून टाकतं, म्हणून दोन तास भाजून घेण्यात काही मिळत नाही. ह्याच यंत्रणेमुळे उन्हातून डी कधी विषारी पातळीला जात नाही.

ल्युपस (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असलेल्यांनी, त्वचेच्या कर्करोगाची पूर्वपीठिका असलेल्यांनी किंवा डॉक्सीसायक्लिनसारखं उन्हाची ॲलर्जी वाढवणारं औषध चालू असलेल्यांनी ऊन हा मार्ग धरूच नये.

एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा वाजता उन्हात बसायचं?

नाही. पारा चाळिशीकडे असताना उष्माघाताचा धोका डीच्या फायद्यापेक्षा मोठा आहे. साडेनऊची वेळ त्यासाठीच सांगितली. व्यायाम उन्हात करायची तर मुळीच गरज नाही. व्यायाम पहाटे करा, ऊन वेगळं घ्या, शांत बसून, पाणी पिऊन.

माझं टेबल खिडकीशी आहे, दिवसभर ऊन येतं. कारमध्येही उजव्या हातावर ऊन असतंच.

साधी काचही अतिनील-बी जवळजवळ पूर्ण अडवते. काचेतून उष्णता येते, त्वचा काळवंडवणारे अतिनील-ए किरण येतात, डीचे येत नाहीत. त्यामुळे ड्रायव्हिंग करणाऱ्याचा एक हात रापतो आणि डी तरी कमीच राहतं. काचबंद बाल्कनीचंही तसंच. खिडकी उघडली तर फरक पडतो.

सनस्क्रीन, स्कार्फ, सनकोट यांमुळे कमी होतं का?

सनस्क्रीनला उगाच दोष दिला जातो. एसपीएफ ३० नीट, जाड थरात लावलं तर ते सुमारे ९७ टक्के किरण अडवतं हे खरं, पण रोजच्या जीवनात लोक पातळ थर लावतात, मान-कान सोडतात, पुन्हा लावत नाहीत. केवळ सनस्क्रीनमुळे डी खूप खाली गेलं असं क्वचितच होतं. चेहऱ्याला खुशाल लावा. डीसाठी हात-पाय वापरा.

कपड्यांची गोष्ट वेगळी. कॉलेज रोडवरून दुपारी स्कूटरवर जाणाऱ्या मुलीकडे बघा: डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये, अंगात पूर्ण बाह्यांचा सनकोट, हातमोजे. ती नेमक्या योग्य वेळी बाहेर असते आणि तिच्या त्वचेला किरण मिळतात जवळपास शून्य. सायकलवाल्यांच्या आर्म स्लीव्ह, लेग स्लीव्ह आणि बफ (गळ्या-तोंडावर ओढायचं कापड) यांचंही हेच. लांब पल्ल्याच्या राइडला त्या घालणं योग्यच आहे, चार-पाच तासांच्या उन्हापासून त्वचा वाचलीच पाहिजे. पण मग त्या राइडचा डीच्या हिशोबात समावेश करू नका.

ऊन घेतल्यावर लगेच आंघोळ केली तर डी धुऊन जातं?

नाही. डी त्वचेच्या जिवंत थरांच्या आत बनतं, वरच्या तेलकट थरावर नाही. साबण, घाम, पोहणं यांनी काही फरक पडत नाही.

आम्ही द्राक्षबागेत दिवसभर असतो. आमचंही कमी कसं?

निफाड-दिंडोरी पट्ट्यात हा प्रश्न अगदी रास्त आहे. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, काम मांडवाखाली चालतं. पानोरा भरला की सावली दाट असते. बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला आणि तोंडाला कापड बांधतात. फवारणीच्या वेळी तर ते बांधायलाच हवं. उघडे राहतात ते पंजे आणि पावलं. शिवाय काम उरकण्यासाठी बरेच जण पहाटे सुरू करून भर उन्हात सावलीला बसतात. यात दुधाचं प्रमाण कमी आणि वारंवार बाळंतपणं यांची भर पडली तर दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईचं डी १० च्या खाली असणं शक्य आहे. फवारणीचं संरक्षण काढायचं नाही. ज्या दिवशी फवारणी नाही त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बांधावर, बाह्या वर करून बसणं जमतं.

सातपूरला रात्रपाळी असते, सकाळी जिम, मग झोप. आहार चांगला आहे.

तुमच्या वेळापत्रकात दहा ते तीन ही वेळ पडदे लावलेल्या खोलीत जाते. जिम छपराखाली. त्यामुळे स्नायू कितीही कमावलेत तरी डी बनायला जागाच नाही. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवसांवर भागत नसेल तर तुमच्यासाठी गोळी हाच सरळ मार्ग आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

मार्चमध्ये केलेली आणि जूनमध्ये केलेली तपासणी वेगळी का येते?

रक्तातल्या डीचं अर्धायुष्य दोन-तीन आठवडे आहे. चरबीतला साठा थोडा हात देतो, पण आवक थांबली की पातळी उतरत जाते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ गच्च. दाट ढग अतिनील-बी निम्म्याहून अधिक अडवू शकतात. इगतपुरी-त्र्यंबककडे तर आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. त्यानंतर ऑक्टोबरचा एक चांगला महिना मिळतो आणि लगेच थंडी, जॅकेट, छोटे दिवस. म्हणून पातळी हिवाळा संपताना तळाला असते आणि उन्हाळ्याअखेर वर. दोन रिपोर्टची तुलना करायची तर दोन्ही वर्षी एकाच महिन्यात, शक्यतो त्याच लॅबमध्ये तपासा.

खाण्यातून भागत नाही का? घरी दूध-तूप भरपूर आहे.

प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट धरली जाते, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम (१ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट). आता ताट मोजू. गवळ्याच्या सुट्ट्या दुधात आणि साजूक तुपात डी नगण्य. ज्या पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह आहे त्या दुधात नियमाप्रमाणे लिटरला २०० ते ३०० युनिट घातलेलं असतं. रोज अर्धा लिटर म्हणजे १०० ते १५०. त्याच चिन्हाच्या तेलात ग्रॅमला साडेचार ते साडेसहा युनिट. दिवसाला २५ ग्रॅम तेल म्हणजे आणखी ११० ते १६०. दोन्ही मिळून फार तर गरजेचा अर्धा वाटा. हल्ली अनेक घरांत लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणि डेअरीचं सुट्टं दूध येतं. दोन्ही चवीला उत्तम, पण त्यांत हे घातलेलं नसतं, म्हणजे तो अर्धा वाटाही गेला.

अंड्याच्या एका बलकात ४० युनिटच्या आसपास. फक्त पांढरा भाग खाणाऱ्या जिमवाल्यांना तेही नाही. डी सगळं बलकात असतं. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे सर्वांत चांगले, शंभर ग्रॅममध्ये जातीनुसार शंभरपासून काहीशे युनिटपर्यंत, पण आठवड्यातून एकदा खाऊन रोजची गरज भागत नाही. मशरूमवर अतिनील प्रकाश टाकलेला असेल तरच त्यात डी-२ (डीचा दुसरा प्रकार) असतं. थोडक्यात, शाकाहारी माणसाला ऊन किंवा गोळी यांतलं एक लागतंच.

कॅल्शियम कमी खाल्ल्यानंही डी घटतं का?

हो, आणि हे कारण जवळजवळ कुणी विचारातच घेत नाही. आहारात कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करते. तिचं संप्रेरक, पीटीएच, मूत्रपिंडाला सांगून साठ्यातल्या डीचं कार्यक्षम रूपात रूपांतर वाढवतं. त्या कार्यक्षम रूपामुळे साठ्यातलं डी मोडण्याचा वेगही वाढतो. म्हणजे आवक तेवढीच असली तरी टाकीला मोठी तोटी लागते.

त्यात आपल्या पोळी-भाकरी-डाळीतलं फायटेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला पकडून ठेवतं. सकाळी फक्त चहा, दुपारी पोळी-भाजी, रात्री पोळी-भाजी, दूध-दही बंद ‘कारण फॅट वाढतं’, असा आहार असलेला धावपटू दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅल्शियमवर असू शकतो. हवं असतं १०००. भरून काढणं अवघड नाही: अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्या दुधाचं दही सुमारे ६००, नाचणीची एक भाकरी दीडशेच्या आसपास (नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३५०), पॉलिश न केलेले तीळ दोन चमचे सुमारे १००. धान्य-कडधान्यं भिजवून, मोड आणून, आंबवून खाल्ली की फायटेट घटतं. मटकीला नीट मोड आणण्याची आपली पद्धत इथे कामाला येते.

वजन जास्त असेल तर?

डी चरबीत विरघळतं. शरीर मोठं आणि चरबी जास्त असेल तर तेवढंच डी जास्त जागेत पसरतं आणि रक्तात कमी दिसतं. अशा व्यक्तीला तोच आकडा गाठायला दोन ते तीन पट मात्रा लागू शकते. नियमित चालणारा पण ९५ किलोचा माणूस आणि ६० किलोचा त्याचा मित्र यांनी एकच डोस घेऊन रिपोर्टची तुलना करू नये.

पोटाच्या तक्रारींचा संबंध कसा ओळखायचा?

डी आतड्यातून चरबीबरोबर शोषलं जातं. त्यामुळे चरबी पचत नसेल तर डीही वाया जातं. वारंवार जुलाब, पाण्यावर तरंगणारं चिकट-तेलकट शौच, कारण नसताना वजन घटणं, लोह दिलं तरी हिमोग्लोबिन न वाढणं, तोंड येत राहणं, यांपैकी काही असेल तर सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा आजार तपासायला हवा. रक्ताची टीटीजी-आयजीए तपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधीच गहू बंद केला तर ती खोटी निगेटिव्ह येते, आणि ही चूक फार होते. आतड्याचा दाह, स्वादुपिंडाचा जुना आजार, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया यांतही हेच घडतं.

यकृत आणि मूत्रपिंड डीवर एकेक प्रक्रिया करतात, म्हणून त्यांच्या गंभीर आजारात साखळी तुटते. लघवीतून प्रथिनं जात असतील तर डी वाहून नेणारं प्रथिनही त्याबरोबर जातं.

कोणती औषधं डी कमी करतात?

फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधं यकृतातली मोडतोड करणारी विकरं वाढवतात. क्षयरोगातलं रिफाम्पिसिन तेच करतं. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची गोळी, वजनासाठीचं ऑर्लिस्टॅट, कोलेस्टेरॉलसाठीचं कोलेस्टिरामिन हेही यादीत. यांतलं कुठलंही औषध स्वतःहून बंद करायचं नाही, विशेषतः फिट्सचं आणि क्षयरोगाचं. डॉक्टरांना यादी दाखवा, ते डीची मात्रा वाढवतील.

तपासणी नेमकी कोणती करायची?

२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. लॅबमध्ये फॉर्मवर हेच नाव आहे ना ते बघा. १,२५-डायहायड्रॉक्सी ही डीचं कार्यक्षम रूप मोजणारी दुसरी, महाग तपासणी आहे आणि कमतरता शोधायला चुकीची आहे: डी कमी असताना पीटीएच वाढल्यामुळे तिचा आकडा नॉर्मल किंवा उलट जास्त येऊ शकतो. उपाशीपोटी जायची गरज नाही.

केसांसाठी ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिनची गोळी चालू असेल तर लॅबला सांगा आणि किमान दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे डी खोटं जास्त दिसतं, म्हणजे खरी कमतरता लपते. ताप, मोठं आजारपण किंवा शस्त्रक्रिया यानंतर लगेच तपासलं तर आकडा तात्पुरता कमी येतो. तीन-चार आठवडे थांबा.

आकडा खूप कमी असेल तर त्याबरोबर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन आणि पीटीएच करून घ्या. कॅल्शियम मुद्दाम आधी: डी कमी आणि कॅल्शियम जास्त अशी जोडी आली तर पॅराथायरॉइड ग्रंथीचा आजार असू शकतो, आणि तिथे डोळे मिटून मोठी मात्रा देणं धोक्याचं ठरतं.

किती म्हणजे कमी?

नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये १२ च्या खाली असेल तर हाडं मऊ पडण्याचा धोका खरा आहे. १२ ते २० कमी. २० च्या वर बहुतेकांच्या हाडांना पुरतं. अनेक लॅब ३० च्या खालच्या आकड्यावर लाल खूण करतात; ती मर्यादा अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं २०११ साली सांगितली होती आणि २०२४ च्या सूचनांत तिचा आग्रह सोडला. निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, असंही त्यांनी म्हटलं. म्हणून २४ आकड्याला घाबरून दर महिन्याला रक्त काढू नका. रिपोर्ट नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर आकड्याला अडीचनं भागा. ५० म्हणजे २०.

६०,००० युनिटची पुडी कशी घ्यायची?

नेहमीची पद्धत: आठवड्यातून एक, आठ आठवडे, डॉक्टरांनी सांगितल्यावर. वार ठरवा, कॅलेंडरवर आठ खुणा करा. दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणाबरोबर, ज्यात तेल-तूप आहे, अशी घ्या. उपाशीपोटी पाण्यातून किंवा साय काढलेल्या दुधातून घेतली तर शोषण कमी होतं.

चुका तीन दिसतात. पहिली, आणि सर्वांत घातक, आठवड्याची पुडी रोज घेणं. चिठ्ठीवरचं चुकीचं वाचल्यामुळे असं होतं; घरातल्या वृद्धांच्या बाबतीत पुड्या स्वतःच्या ताब्यात ठेवा. दुसरी, आठ पुड्या झाल्यावर सगळं थांबवणं. ऊन-आहार बदलला नसेल तर पुढे रोज १००० ते २००० युनिट किंवा महिन्याला एक पुडी (रोजचे साधारण २००० युनिट) लागते. तिसरी, एकदम ६ लाख युनिटचं इंजेक्शन मागून घेणं. एकाच वेळी फार मोठी मात्रा दिलेल्या वयस्कर स्त्रियांत पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. शोषणाचा आजार नसेल तर तोंडानंच घ्या.

मुतखड्याचा त्रास, सारकॉइडोसिस (फुप्फुसांत वगैरे दाहाच्या गाठी होण्याचा आजार), क्षयरोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पुडी सुरू करण्याआधी विचारणं आवश्यक आहे.

आठही पुड्या घेतल्या, आकडा हललाच नाही. का?

या क्रमानं बघा. खरंच आठही घेतल्या का, आणि जेवणाबरोबर? पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी केली की दोनच आठवड्यांत? लॅब तीच का? मग गोळीचं लेबल वाचा: कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत डी-३ ऐवजी ०.२५ मायक्रोग्रॅम कॅल्सिट्रिऑल, म्हणजे डीचं कार्यक्षम रूप, असतं. ते मूत्रपिंडाच्या आजारात उपयोगी आहे, पण त्यामुळे २५-हायड्रॉक्सीचा आकडा वाढतच नाही. तुम्हाला हवं ते नाव कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजेच डी-३. काही पुड्यांत किंवा परदेशी शाकाहारी गोळ्यांत डी-२ असतं. त्याचा परिणाम कमी टिकतो आणि काही यंत्रं ते पूर्ण मोजत नाहीत. मॅग्नेशियम फार कमी असलं तरी डीवरच्या प्रक्रिया अडतात. हे सगळं ठीक असेल तर वजन, औषधं आणि पोट, त्यातही आधी टीटीजी.

जास्त झालं तर कसं कळतं?

सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ-उलट्या, भूक मरणं, गोंधळल्यासारखं वाटणं. हे रक्तातलं कॅल्शियम वाढल्याचं लक्षण आहे. पुडी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन कॅल्शियम तपासा. डी चरबीत साठलेलं असल्यामुळे औषध बंद केल्यावरही हा त्रास आठवडे-महिने चालू राहू शकतो.

माझा थकवा, अंगदुखी हे डीमुळेच आहे ना?

असेलच असं नाही. डीच्या तीव्र कमतरतेचं दुखणं बहुधा कंबर, मांड्या, बरगड्या, नडगी इथे असतं. उकिडवं बसून उठताना, जिना चढताना मांड्यांत बळ कमी वाटतं, नडगीचं हाड दाबलं की दुखतं. आकडा १८ आणि थकवा मात्र प्रचंड, असं असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड बघा. शाकाहारी माणसात बी-१२ विसरू नये.

पळणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नडगीवर किंवा पायाच्या पंजात एका बोटानं दाखवता येईल अशी नेमकी जागा दुखत असेल, पळताना वाढत असेल आणि नंतर चालतानाही राहत असेल, तर पळणं थांबवा. तो ताणामुळे हाडाला गेलेला तडा असू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. अशा वेळी डी तपासणं अगदी योग्य, आणि त्याबरोबर एकूण जेवण पुरेसं आहे का, मुलींमध्ये पाळी नियमित आहे का, हेही विचारलं गेलं पाहिजे.

घरातल्या सगळ्यांचंच कमी आहे. आनुवंशिक असेल का?

डी वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या आणि त्यावर प्रक्रिया करणाऱ्या विकरांच्या जनुकांतल्या फरकांमुळे पातळी थोडी वर-खाली असते. पण एका घरात दूध एकच, तेल एकच, फ्लॅट एकच आणि बाहेर पडायची वेळही सारखीच असते. आधी ते बदलून तीन महिन्यांनी एकाचा आकडा बघा. सगळ्यांची जनुकीय तपासणी करून उपचारात काही बदलत नाही.